दारापुढचा काळा पट्टा

ज्या गृहस्थांबद्दल लिहायला बसलो आहे, त्यांचं खरं नाव मला ते गेल्यावर कळलं. ते इथे लिहून उपयोग नाही, कारण त्या नावाने त्यांना कुणी हाकच मारत नसे. आम्ही बरेच दिवस एका बाकावर शेजारी शेजारी बसलो, पण त्यातला बहुतेक वेळ गप्पच. मी मुळात कमी बोलणारा, आणि त्यांना माणसाकडे न पाहता समोरच्या भिंतीकडे पाहून बोलायची सवय. तेव्हा खाली जे आहे ते त्यांनी भिंतीला सांगितलेलं आणि मी बाजूला बसून ऐकलेलं आहे. थोडं त्यांच्या मुलीने नंतर सांगितलं. मधल्या फटी मी माझ्या अकलेने बुजवल्या आहेत. माणूस मला कळला होता असं मात्र म्हणवत नाही.

लोक त्यांना ऐसपैस मिस्त्री म्हणत. फरशी, गिलावा, रंग, दिव्यांची मांडणी, सगळं ते करत. गिऱ्हाईक त्यांना नवी घेतलेली खोली दाखवायला न्यायचं. मिस्त्री दारात उभे राहायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "ऐसपैस दिसेल." खोली खुराड्याएवढी असली तरी हेच. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं.

भिंत त्यांच्याने एक बोटभरही मागे सरकत नसे. ते सरकवायचे ती नजर. अरुंद खोलीत लादी सरळ न बसवता तिरकी बसवायची, म्हणजे डोळा सांध्यांच्या रेषा धरून पार कोपऱ्यापर्यंत पळत जातो आणि त्याला वाटतं, आपण बराच लांब आलो. बोळकांडीसारखी लांबट खोली असेल तर टोकाची भिंत गडद रंगवायची, ती आपणहून पुढे येऊन बसते. छत बुटकं असेल तर दिवा छताला टांगायचा नाही. तो भिंतीवरच्या पट्टीआड लपवायचा आणि उजेड वर फेकायचा, की छत उचलल्यासारखं होतं. आरसा कुठे लावायचा यापेक्षा तो कुठे लावायचा नाही हे जास्त महत्त्वाचं, असं ते म्हणत.

काम संपलं की परीक्षा घ्यायला बायको यायची. हा त्यांचा लग्नानंतरच्या पहिल्या कामापासूनचा रिवाज होता. मिस्त्री तिला दाराबाहेर गाठायचे आणि म्हणायचे, "मीट डोळे." ती डोळे मिटायची, हात पुढे करायची. हात धरून ते तिला उंबऱ्याच्या आत आणायचे आणि थांबायचे. ते थांबले की तिने डोळे उघडायचे, वेगळं सांगायचं नाही. मग ती समोरच्या भिंतीकडे बघून अंदाज बांधायची, इथून तिथवर किती पावलं. आकडा बोलायची आणि पावलं मोजत चालू लागायची. आकडा संपायच्या आधीच भिंत आडवी आली की मिस्त्री पास.

"संपली?" ती भिंतीला हात लावून म्हणायची. कुणीतरी मापात फसवल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा.

"संपली."

"कमाल आहे तुमची. अहो, लग्नाआधी तुम्हालाही मला लांबूनच दाखवलं होतं. जवळ आल्यावर कळलं केवढेसे आहात ते."

"मग परत का नाही गेलीस?"

"परत जायला पावलं मोजली कुणी होती."

मजा अशी की पुढे पुढे मिस्त्रींची एकूण एक युक्ती तिला पाठ झाली होती, तरी ती फसायचीच. मिस्त्रींना सगळ्यात आवडायचं ते हे. अडाणी माणसाला फसवण्यात काय आहे, असं ते म्हणत. ज्याला आतलं सगळं ठाऊक आहे त्याचा डोळा फसला पाहिजे.

त्यांचं स्वतःचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे स्वयंपाकापुरती जागा. पण आत गेलेला माणूस बुचकळ्यात पडायचा. एका भिंतीवर कमरेपासून वरपर्यंत आरसा, आणि मागच्या भिंतीवर एक अर्धवट उघडं दार रंगवलेलं. दारापलीकडे आणखी एक खोली, तिच्यात कुठल्यातरी न दिसणाऱ्या खिडकीतून आलेला पिवळसर उजेड जमिनीवर सांडलेला. वर एक छोटा दिवा असा बसवला होता की खरा उजेड आणि रंगवलेला उजेड एकमेकांत मिसळून जावेत. नवा पाहुणा आला की बायको साळसूदपणे सांगायची, "आतल्या खोलीत बसा ना, तिथे वारा चांगला येतो." पाहुणा उठून भिंतीपर्यंत जायचा. मुलगी लहान असताना तोंडात ओढणी कोंबून हसायची.

एकदा मात्र मिस्त्रींचा डाव उलटला. एका कापडाच्या दुकानात त्यांनी दारापाशी काळ्याभोर, बिनचकाकीच्या लादीचा एक रुंद पट्टा टाकला. दोन्हीकडे फिकट लादी. दिसायला झोकदार. पण आठवड्याभरात मालकाने बोलावून घेतलं. म्हातारी गिऱ्हाइकं दारापर्यंत येतात, पट्ट्यापाशी थबकतात आणि कुणाचातरी हात मागतात. एक बाई तर तिथूनच माघारी गेल्या. मिस्त्रींनी पट्टा उखडला, पण ही गोष्ट डोक्यात ठेवली. काळा पट्टा थकलेल्या डोळ्याला खड्डा दिसतो.

पुढे काही वर्षांनी ते आमच्या निवासात आले, ते तिथला कारभार पाहणाऱ्या मेट्रनबाईंनी बोलावल्यावरून. शहराच्या कडेला असलेली ही जागा. ज्यांच्या डोक्यातलं एकेक निसटत चाललं आहे अशा म्हाताऱ्या माणसांना इथे ठेवतात. गोदामातली माझी नोकरी संपल्यावर मी इथे दारावर राखणीला बसायला लागलो होतो, म्हणून ते सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं. लोक बाहेर निघून जायचे. एक निवृत्त ड्रायव्हर होते, ते झोपायच्या कपड्यांत बस थांब्यावर जाऊन बसायचे, गाडी लागली की नाही विचारायचे. एक आजी पुलापलीकडे सापडल्या. दाराला कुलूप घातलं तर दुपारभर दारावर धडका. एकाची बोटं सुजली, एकीचा आवाज बसला.

मिस्त्रींनी दार पाहिलं, दिवाणखाना पाहिला, एक डोळा बारीक केला.

"बाई, कुलूप दिसतं. दिसलं की माणूस त्याच्याशी भांडतो. भांडायला काही दिसूच नये असं करू."

आणि त्यांनी तो पट्टा केला. दारापुढे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एका ढांगेत ओलांडता येणार नाही इतका रुंद. अगदी काळा, कुठे चमक म्हणून नाही. वरचे दिवे असे फिरवले की उजेड दोन्ही बाजूंनी पट्ट्याच्या काठापर्यंत यावा आणि तिथे कापल्यासारखा थांबावा. माझ्यासारख्याला पहिल्या दिवशी जरा चमकल्यासारखं झालं, मग कळलं की काळी फरशी आहे, आणि पाय आपोआप पडायला लागले. पण ज्यांचं डोकं डोळ्याला सावरून घेत नव्हतं, त्यांना तिथे जमीनच नव्हती. ड्रायव्हरआजोबा काठापर्यंत आले, वाकून खाली पाहिलं, "खोल आहे," म्हणाले, आणि चहा प्यायला परत गेले. ना धडका, ना रडारड. मेट्रनबाईंनी डोळे पुसले. मिस्त्री खुशीत येऊन म्हणाले, "स्वयंपाकघराचं मागचं दारही करून टाकू. अर्धवट काम नको."

रिवाजाप्रमाणे बायको परीक्षेला आली. तिला मागच्या दाराने, तिथला पट्टा अजून व्हायचा होता, आत आणलं आणि डोळे मिटायला लावून दिवाणखान्यातून पुढच्या दाराकडे नेलं. मिस्त्री काठापाशी थांबले. तिने डोळे उघडले.

"सांग, दारापर्यंत किती?"

तिने त्यांची बाही पकडली. "अहो, इथून जायचं कसं?"

मिस्त्री हसले. मेट्रनबाई हसल्या. मीही हसलो. मिस्त्रींनी तिला हाताला धरून पलीकडे नेलं, तेव्हा तिने चेहरा त्यांच्या खांद्यात लपवला होता. आम्हाला वाटलं, चारचौघांत फजिती झाली म्हणून लाजल्या.

ही गोष्ट मिस्त्रींनी पुढे कितीतरी महिने ज्याला त्याला सांगितली. माझी प्रत्येक लबाडी जिला पाठ आहे, ती बाई अडली. पाऊल टाकेना. आयुष्यात याहून मोठी शाबासकी नाही.

त्यानंतरची गोष्ट आरशापासून सुरू झाली. एकदा ती चहा ओतता ओतता म्हणाली, "ती बाई कधीची उभी आहे. तिला विचारा तरी घेणार का."

"कोण बाई?"

"ती काय. आपल्याकडे बघतेय."

मिस्त्रींनी आरशाकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, पाहुण्यांवरची जुनी थट्टा आता माझ्यावर चालवलीये. ते म्हणाले, "ती साखर कमी घेते." तीही हसली, पण एक कप जास्त ओतलाच. मग एकदा तिने रंगवलेल्या दाराकडे बोट दाखवलं. "त्या खोलीत दिवा कोण जळत ठेवतं हो? बिल आपल्याला येतं." याही वेळी मिस्त्री हसले. तिचा विनोद असाच कोरडा असायचा, त्यामुळे विनोद कुठे संपला आणि दुसरं काही कुठे सुरू झालं ते त्यांना कळायला फार वेळ लागला. कळलं ते तिच्या कपाळाला टेंगूळ आलेलं पाहून. ती त्या दारातून आत जायला निघाली होती.

मुलगी दुसऱ्या गावाहून आली, दोन दिवस राहिली. निघताना जिन्यात म्हणाली, "बाबा, आई मस्करी करत नाहीये."

"सवय आहे तिची."

"बाबा, तिने मला काल तीनदा विचारलं, तू कुणाची."

मिस्त्री जिन्याच्या पायरीवर बसले. ते मला म्हणाले होते, त्या वेळी डोळ्यांपुढे मुलगी नव्हती, तो पट्टा होता. त्याच्या काठावर बाही धरून उभी असलेली बायको, आणि आजूबाजूला हसणारे आम्ही.

त्यांनी आरसा उतरवला. आरशातल्या बाईला घालवल्याबद्दल बायको दोन दिवस बोलली नाही. मग त्यांनी दार पुसलं, म्हणजे त्यावर पांढऱ्या रंगाचे हात मारले. त्या दाराला त्यांनी मुलीच्या जन्माच्या आधी रंग लावला होता. एका दुपारी ते काम संपलं. संध्याकाळी बायको त्या भिंतीपाशी उभी राहून नखाने रंग खरवडत होती.

"माझी खोली कुठे नेलीत?"

"अगं, खोली नव्हतीच तिथे."

"होती. माझी शाल आहे तिच्यात."

त्यांनी शाल कपाटातून काढून तिच्या अंगावर घातली. तिने ती घेतली, पण भिंतीकडे बघतच राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांना नसलेल्या जागा दिल्या आणि हिची होती ती काढून घेतली, असं मिस्त्रींना त्या रात्री वाटलं. ते मला हे सांगत होते तेव्हाही त्यांचा आवाज चढला उतरला नाही. फरशीचं माप सांगावं तसं सांगितलं.

पुढे ती घराबाहेर जाऊ लागली. मिस्त्री कामावर असले की शेजारी बघायचे, पण शेजारी किती बघणार. एकदा ती रस्त्याच्या मधोमध उभी सापडली, दोन्हीकडून गाड्या. मुलगी पुन्हा आली, रडली, भांडली आणि शेवटी दोघांचं ठरलं. जवळपास अशी एकच जागा होती.

आणायच्या दिवशी मी दारावर होतो. मिस्त्रींच्या एका हातात पिशवी, एका हातात बायको. पट्ट्याच्या अलीकडे ते थांबले. पिशवी माझ्याकडे दिली.

"मीट डोळे," ते बायकोला म्हणाले.

तिने लगेच मिटले. बाकीचं कितीही निसटलेलं असो, हे नव्हतं निसटलं. चेहऱ्यावर हसू आलं, नव्या कामाची परीक्षा घ्यायला आल्यासारखं. हात पुढे करून ती त्यांच्यामागे काळ्या पट्ट्यावरून चालत आत आली. आत जाऊन ते थांबले, तिने डोळे उघडले, समोरची भिंत पाहिली आणि मोजलं. किती म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

मिस्त्री रोज दुपारी यायचे. आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली जी त्यांच्या ध्यानीमनी नव्हती. ते दारातून आत आले आणि पट्ट्यावर पाऊल टाकलं, तशी पलीकडे बसलेली बायको ताडकन उठली. "अहो, जपून. अहो, पडाल." दोन्ही हात पुढे, तोंडावर रंग नाही. ते पोचले तशी तिने त्यांना बाहीला धरून काठापासून लांब ओढलं. निघताना पुन्हा तेच. रोज येताना आणि रोज जाताना. आमच्या आयाबाईंना ती सांगायची, "माझे मालक विहिरीवरून चालत येतात. कुणी सांगितलंय एवढं धाडस करायला." त्यात कौतुकही असायचं. पण रात्री तिला झोप लागायची नाही, आयाबाई म्हणायच्या, विहिरीत कोण पडलं ते बघायला उठतात.

मिस्त्रींनी एक फिकट सतरंजी आणली आणि पट्ट्यावर अंथरली.

बायको म्हणाली, "सतरंजी अंथरली म्हणून खड्डा बुजतो होय?"

मग त्यांनी सतरंजी गुंडाळून ठेवली आणि दिवे फिरवले. सगळा झोत पट्ट्यावर आणला, काळ्या लादीवरचे ओरखडे आणि सांधे स्वच्छ दिसायला लागले. मला म्हणाले, "आता आंधळ्यालाही फरशी दिसेल." बायकोला काठाजवळ आणलं. तिने वाकून पाहिलं.

"आता तर तळ दिसतोय," ती म्हणाली. "बाई गं, केवढं खोल आहे."

मिस्त्रींनी दिवे होते तसे केले. शिडीवरून उतरल्यावर दाराजवळच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. "डोळ्यातून काढता आलं असतं," ते भिंतीला म्हणाले. "ते आता आत गेलंय."

ते मेट्रनबाईंकडे गेले. दार उघडंच होतं, मला ऐकू येत होतं.

"बाई, पट्टा काढून टाकतो. माझ्या हाताने काढतो, तुम्हाला माणूस लावायला नको."

"आणि उरलेल्यांचं काय करू?"

"काहीतरी दुसरं करू."

"दुसरं म्हणजे कुलूप. तो पट्टा झाल्यापासून एकही माणूस रस्त्यावर गेला नाही, मिस्त्री. भांडायला काही दिसू नये असं तुम्हीच म्हणाला होता. आता तुम्ही माझ्याशी भांडताय."

मग बाई म्हणाल्या, आवाज खाली आणून, "तुम्हाला त्यांना घरी न्यायचं असेल तर मी अडवणार नाही. पण नीट विचार करा. त्यांच्यामागे चोवीस तास एक माणूस लागेल."

"मी आहे की," मिस्त्री म्हणाले.

आणि त्यांनी ठरवलं. हातातली कामं दुसऱ्यांना दिली, नवी घेतली नाहीत. घर पहिल्यापासून केलं. तिरकी लादी उपटून सरळ बसवली. लपवलेले दिवे काढले, एकच साधा दिवा छताला टांगला, सगळीकडे सारखा उजेड. सगळ्या भिंती एकाच फिकट रंगाच्या, दाराच्या चौकटी तेवढ्या निळ्या, म्हणजे दार कुठलं आणि भिंत कुठली ते दिसावं. मुलीने पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, केवढंसं आहे हो आपलं घर."

"एवढंच होतं."

"आईला आवडेल?"

"आवडायला नको. कळलं तरी बस झालं."

ते सांगताना मिस्त्री पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. आयुष्यभर काम केलं पण खरी खोली ही एकच केली, असं म्हणाले. त्यांना उत्साह होता. तिला घरी न्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी दाढी केली होती, नवीन चपला घेतल्या होत्या.

मुलगी दाराबाहेर गाडीपाशी थांबली होती. मी दार उघडं धरलं होतं. बायको चांगली शाल पांघरून तयार. काठापाशी आल्यावर तिचे पाय अडले, पण ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

"मीट डोळे," मिस्त्री म्हणाले.

तिने मिटले. हात पुढे केला. मिस्त्री उलटे, तिच्याकडे तोंड करून, तिचे दोन्ही हात धरून चालू लागले. एक पाऊल, दुसरं पाऊल. ती हसत होती. "कुठलं काम आहे?" तिने विचारलं. "मोठं आहे का?"

"बघशील."

पट्ट्याच्या मधोमध मिस्त्रींच्या टाचेखाली एक लादी हलली. आम्हा कुणाला कळलं नसतं. शेकडो लोक त्यावरून गेले असतील. पण ज्याचं आयुष्य लाद्या बसवण्यात गेलं त्याच्या टाचेला ती पोकळ लागली, आणि मिस्त्री थांबले. एवढंच झालं. पाय जागच्या जागी थांबला, डोकं खाली गेलं, कोणती लादी ते पाहायला.

ते थांबले, म्हणून तिने डोळे उघडले.

हे लिहिताना पुढचं टाळावं असं मनात आलं होतं. ती ओरडली नाही. तिने पायांखाली पाहिलं, मग मिस्त्रींकडे पाहिलं, आणि हात सोडवून घेतले. एरवी घाबरली की ती त्यांना घट्ट धरायची. मग खाली बसली, दोन्ही तळवे फरशीवर टेकवले, आणि रांगत, कण्हत मागे गेली, आतल्या बाजूला. शाल पट्ट्यावरच राहिली. मिस्त्री तिच्याकडे जायला निघाले तर तिने भिंतीला पाठ लावली आणि आयाबाईंना म्हणाली, "याला इकडे येऊ देऊ नका. हा हात धरून नेतो आणि सोडतो."

पुन्हा प्रयत्न झाले. मुलीने केला, आयाबाईंनी केला. डोळे मीट म्हटलं की ती डोळे ताणून उघडे ठेवायची. चाकाच्या खुर्चीत बसवून नेऊन पाहिलं तर खुर्चीतून पडली. मागच्या दाराचं बोलणं निघालं तेव्हा मिस्त्रींनी मान खाली घातली, तिथलं कामही त्यांनीच पुरं केलेलं होतं. डॉक्टरांनी झोपेचं औषध देऊन नेता येईल असं सुचवलं. मिस्त्री म्हणाले, "जाग आल्यावर तिच्यासमोर मीच असणार ना."

तेव्हापासून ते पट्ट्याच्या अलीकडे, माझ्या बाकावर बसू लागले. ते पट्टा ओलांडत नाहीत म्हटल्यावर बायको शांत झाली. पलीकडे तिची खुर्ची असायची. दोघं समोरासमोर, मध्ये तो काळा पट्टा. तिला कळेना की हे कोण, पण रोज दिसणारा माणूस म्हणून ओळख झाली. कधी हात हलवायची. हे हलवायचे. एकदा तिने आयाबाईंना विचारलेलं आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"तो पलीकडचा माणूस भला दिसतो. इकडे का येत नाही?"

"मध्ये विहीर आहे ना, आजी."

"बरोबर. नका येऊ देऊ. पडेल बिचारा."

मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं. मी विचारलं, ती हलणारी लादी बसवून टाकायची का. ते म्हणाले, "राहू दे. आता कोण थांबणार आहे तिथे."

असं बरंच चाललं. मुलगी म्हणायची, बाबा, रोज जाऊन तरी काय करता. ते म्हणत, बसतो. घरी तो एकटा दिवा आणि त्या फिकट भिंती, तिथे त्यांना बसवत नसे. ती खोली ज्या माणसासाठी केली होती त्याच्याशिवाय ती फारच खरी दिसायची, असं काहीतरी ते एकदा पुटपुटले. मला नीट ऐकू आलं नाही आणि परत विचारायचा धीर झाला नाही.

एका दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीचा मेट्रनबाईंना फोन आला. झोपेतच गेले होते. बायकोला कुणी सांगितलं नाही, आणि सांगून तरी कोण गेलं म्हणून सांगणार. ती खुर्चीवर बसायची, बाकाकडे बघायची. मी हात हलवायचो. ती हलवायची नाही. पुढच्या थंडीत तीही गेली. मीही आता दारावर बसत नाही.

मिस्त्री शेवटचे आले होते त्या दिवशी आमचं फार बोलणं झालं नाही. निघायला उठले, मग पलीकडे पाहून एक डोळा बारीक केला.

"तिच्या तोंडावर सावली येते," ते म्हणाले. "आपल्या बाजूचा हा दिवा जरा तिकडे वळवला तर चेहरा दिसेल."

"वळेल का तो?"

"वळेल. शिडी आहे?"

"आहे, पण तिचा एक पाय हलतो."

"मग तुम्ही धरा."

"धरतो की."

"उद्या करू मग. येतो."

"या."